न भरणारी जखम आणि त्वचेचा कर्करोग : मोशी-चाकण पट्ट्याच्या अंगाने एक आढावा

पुणे-नाशिक महामार्गावर मोशी हे भोसरी आणि चाकण या दोन औद्योगिक वसाहतींच्या मध्ये येते. इंद्रायणीकाठची शेती, दगडखाणी, महापालिकेचा कचरा डेपो, सतत चालू असलेली बांधकामे आणि दोन्ही अंगांना पसरलेले यंत्रकारखाने असे कष्टाचे जवळजवळ सगळे प्रकार इथे काही किलोमीटरच्या आत सापडतात. ऊन, तेल, ठिणग्या, भाजणे, कापणे हे सारे आधी झेलते ती कामगाराची त्वचा. तरीही त्वचेचा कर्करोग आपल्या आरोग्यचर्चेत क्वचितच येतो. तोंडाच्या, स्तनाच्या, गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी शिबिरे भरतात, फलक लागतात. त्वचेचा कर्करोग मात्र ‘गोऱ्या लोकांचा आजार’ म्हणून बाजूला राहतो. ही समजूत कितपत खरी आहे, आपल्याकडे हा आजार कोणत्या रूपात दिसतो, त्याची कारणे काय मानली जातात, उपचारांत काय स्थिरावले आहे आणि मतभेद कुठे आहेत, हे क्रमाने पाहू.

पार्श्वभूमी : व्यवसाय, चालीरीती आणि त्वचा

लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे होणारा अंडकोषाच्या त्वचेचा कर्करोग काजळीशी जोडला. व्यवसायातून कर्करोग होऊ शकतो हे दाखवणारी ही पहिली ठळक नोंद. १९१५ मध्ये जपानमध्ये कात्सुसाबुरो यामागिवा आणि कोइची इचिकावा यांनी सशांच्या कानांना कोळशाचे डांबर महिनोन्‌महिने लावून तिथे कर्करोग उत्पन्न केला आणि पॉट यांच्या निरीक्षणाला प्रयोगाचा आधार मिळाला. १९२२ मध्ये लँकेशायरच्या सूतगिरण्यांतील कामगारांची नोंद पुढे आली. चात्यांना घातलेले खनिज तेल उडून त्यांच्या विजारींवर पडे, कापड तेलाने भिजलेले राही आणि वीस-तीस वर्षांनी त्याच जागी कर्करोग उठे.

भारतातल्या नोंदी वेगळ्या वाटेने गेल्या. काश्मीरमध्ये फेरन या सैल अंगरख्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसण्याची रीत आहे. तिच्या उष्णतेने पोटावर आणि मांड्यांवर होणारा कर्करोग एकोणिसाव्या शतकातच डॉक्टरांच्या लक्षात आला होता. मुंबईत १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये भारतीय सवयींशी निगडित कर्करोगांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात धोतर नेहमी एकाच जागी घट्ट बांधल्याने कंबरेच्या त्वचेवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन होते. पुढे साडीखालच्या परकराच्या नाडीने होणाऱ्या अशाच कर्करोगाच्या नोंदीही मुंबईसह देशभरातून आल्या. क्रम सारखाच: वर्षानुवर्षे घर्षण आणि घाम, त्वचेचा काळपट किंवा पांढरट पट्टा, खवले, मग न भरणारा व्रण.

या नोंदींतून एक गोष्ट ठरून गेली. भारतीय त्वचेला कर्करोग होतो, पण त्याची वाट पुष्कळदा उन्हापेक्षा जखमेतून, घर्षणातून, उष्णतेतून आणि रसायनांतून जाते. आजची चर्चा याच पायावर उभी आहे.

किती आणि कोणते?

त्वचेच्या कर्करोगाचे तीन मुख्य प्रकार आहेत. बेसल सेल कर्करोग बहुधा चेहऱ्यावर, नाकाच्या बाजूला किंवा पापणीजवळ होतो. तो सावकाश वाढतो, आजूबाजूचा भाग पोखरतो, पण शरीरात इतरत्र सहसा पसरत नाही. स्क्वॅमस सेल कर्करोग खरखरीत गाठ किंवा कडा उंचावलेला व्रण म्हणून दिसतो आणि लसीकाग्रंथींपर्यंत पोहोचू शकतो. मेलॅनोमा रंगद्रव्याच्या पेशींतून उगम पावतो. तिघांत तो सर्वांत कमी, पण सर्वांत घातक.

जगभरात २०२० साली मेलॅनोमा सोडून त्वचेच्या इतर कर्करोगांचे सुमारे १२ लाख आणि मेलॅनोमाचे सुमारे सव्वातीन लाख नवे रुग्ण झाल्याचा अंदाज आहे. ऑस्ट्रेलियात तर सत्तरी गाठेपर्यंत दर तिघांतल्या दोघांना त्वचेचा कुठला तरी कर्करोग होतो. भारतातल्या रुग्णालयीन नोंदींत मात्र एकूण कर्करोगांत त्वचेचा वाटा एक-दोन टक्क्यांच्या घरात आढळतो. म्हणजे आजार तुलनेने विरळ आहे, यावर दुमत नाही.

मतभेद आहे तो हा विरळपणा कितपत खरा आणि कितपत नोंदीतला, यावर. लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ मध्ये सुरू झाली, ग्रामीण भागासाठी बार्शीत १९८७ मध्ये. पुण्यातही अशी नोंदणी आहे. पण नोंदणीचा आधार म्हणजे विकृतिशास्त्राचा अहवाल. गालावरची छोटी गाठ दवाखान्यात काढून टाकली आणि तपासायला पाठवलीच नाही, पायाचा जुना व्रण ‘मधुमेहाचा’ म्हणून वर्षभर ड्रेसिंगवर राहिला, तर तो रुग्ण कोणत्याच आकड्यात येत नाही. शिवाय अनेक देशांच्या नोंदण्या मेलॅनोमा वगळता त्वचेचे कर्करोग मोजतच नाहीत, त्यामुळे तुलनाही डळमळीत राहते. काही त्वचाविकारतज्ज्ञ म्हणूनच आपल्याकडचे आकडे कमी दिसतात असे मानतात. नोंदीतली त्रुटी धरूनही गडद त्वचेचे संरक्षण इतके मोठे आहे की चित्र मुळातून बदलणार नाही, असे इतरांचे म्हणणे आहे.

प्रकारांच्या प्रमाणाबद्दलही असाच प्रश्न आहे. गोऱ्या लोकसंख्येत बेसल सेल कर्करोग स्क्वॅमस सेलच्या कितीतरी पट असतो. भारतातल्या अनेक जुन्या रुग्णालयीन अभ्यासांत स्क्वॅमस सेल पहिल्या क्रमांकावर आहे, तर अलीकडच्या काही अभ्यासांत बेसल सेल पुढे दिसतो. रुग्णालय कोणते, यावर यातले बरेच अवलंबून आहे. शल्यविभागात आणि कर्करोग केंद्रात मोठे व्रण येतात, त्वचाविकार विभागात चेहऱ्यावरच्या लहान गाठी. एका रुग्णालयाच्या आकड्यावरून साऱ्या परिसराचे चित्र काढताना ही मर्यादा लक्षात ठेवावी लागते.

कारणांची तीन स्पष्टीकरणे

पहिले स्पष्टीकरण उन्हाचे. सूर्याच्या अतिनील किरणांनी पेशींतील डीएनए बिघडतो, हे निर्विवाद आहे. पुण्याच्या अक्षांशावर एप्रिल-मेच्या दुपारी अतिनील निर्देशांक ११ च्या वर, म्हणजे ‘अतितीव्र’ पातळीत जातो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२३ मध्ये जाहीर केलेल्या अंदाजानुसार मेलॅनोमा वगळता त्वचेच्या कर्करोगाने होणाऱ्या दर तीन मृत्यूंपैकी जवळपास एक उन्हातल्या कामामुळे होतो. यावर आक्षेप असा की या अंदाजामागचे अभ्यास मुख्यतः गोऱ्या कामगारांवरचे आहेत. अमेरिकेतील १९७९ च्या एका अभ्यासात कृष्णवर्णीयांच्या बाह्यत्वचेचे सरासरी संरक्षण सुमारे १३ पट आणि गोऱ्यांचे ३ पटींहून थोडे अधिक आढळले होते. आपल्या वर्णछटा या दोहोंच्या मध्ये पसरलेल्या आहेत. मात्र ज्यांच्यात हे संरक्षण जन्मतःच नसते किंवा बिघडलेले असते, त्यांच्याबद्दल वाद नाही. वर्णहीनता असलेल्या व्यक्ती आणि झिरोडर्मा पिग्मेंटोसम हा आनुवंशिक आजार असलेली मुले यांना उन्हाने कर्करोग फार लवकर होतो. हा आजार आई-वडील दोघांकडून सदोष जनुक आल्यावर होतो. मामे-आते भावंडांच्या लग्नाची चाल असलेल्या आपल्या समाजात तो लक्षात ठेवलाच पाहिजे.

दुसरे स्पष्टीकरण जखमेचे. भाजल्याचा जुना व्रण, वर्षानुवर्षे वाहणारे हाडाचे नासूर, कुष्ठरोगात बधिर झालेल्या तळपायाचा व्रण, शिरांच्या विकाराने पोटरीवर झालेली जखम यांत पुढे स्क्वॅमस सेल कर्करोग होऊ शकतो. याला फ्रेंच शल्यचिकित्सक मार्जोलिन यांच्या नावाने ‘मार्जोलिन व्रण’ म्हणतात. मूळ इजेपासून कर्करोगापर्यंत साधारण तीन दशके जातात आणि उन्हाने होणाऱ्या स्क्वॅमस कर्करोगापेक्षा हा अधिक आक्रमक असतो. वेळीच त्वचारोपण न झालेला भाजल्याचा व्रण, सांध्यावर आखडलेली आणि पुन्हा पुन्हा फाटणारी कातडी हा त्याचा नेहमीचा पाया. म्हणजे भाजलेल्या माणसावर पहिल्या महिन्यांत काय उपचार झाले, याचा हिशेब तीस वर्षांनी समोर येतो.

तिसरे स्पष्टीकरण कारखान्यातल्या पदार्थांचे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अशुद्ध किंवा अर्धशुद्ध खनिज तेले, काजळी, कोळशाचे डांबर आणि आर्सेनिक यांना कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. लेथ, ग्राइंडिंग, सीएनसी यंत्रांवर काम करणाऱ्यांच्या हातांवर आणि मांड्यांवर येणारे तेलाचे फोड भोसरी-चाकणला कुणालाच नवे नाहीत. यात नीट भेद करायला हवा. आजची चांगली शुद्ध केलेली कटिंग तेले लँकेशायरच्या तेलांसारखी नाहीत. अतिशुद्ध तेलांना त्याच संस्थेने कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत केलेले नाही. पण इंजिनात तापून काळ्या पडलेल्या तेलात बहुचक्रीय हायड्रोकार्बन साठतात आणि गॅरेजमध्ये हात त्याच तेलाने माखलेले असतात. रस्त्याचे डांबर आज पेट्रोलियमपासून बनते. रस्तेकामातील त्याचा संपर्क ‘कदाचित कर्करोगकारक’ या सौम्य गटात आहे, कोळशाच्या डांबरासारखा निश्चित गटात नाही. वेल्डिंगच्या अतिनील किरणांना २०१७ मध्ये पहिल्या गटात घातले गेले, पण तो पुरावा डोळ्यातील मेलॅनोमाचा आहे. त्वचेबाबतचा पुरावा अपुरा आहे. एकाच कामगाराच्या आयुष्यात ऊन, तेल आणि भाजणे एकत्र येते, तेव्हा कोणत्याचा वाटा किती हे ठरवणे फार कठीण होते.

तळपायाचा मेलॅनोमा

मेलॅनोमा म्हटले की उन्हात पोळलेली पाठ डोळ्यांपुढे येते. भारतीय रुग्णांत तो बहुधा तळपायावर, तळहातावर, नखाखाली किंवा तोंड-गुदद्वाराच्या श्लेष्मल त्वचेत होतो. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी मेलॅनोमाच्या जनुकसंचाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तळपाय-तळहाताच्या मेलॅनोमात अतिनील किरणांच्या खुणा फारशा नव्हत्या. गुणसूत्रे तुटून जुळल्याच्या खुणा मात्र ठळक होत्या. टाच आणि चवडा अशा दाब पडणाऱ्या जागी तो अधिक आढळतो, असे निरीक्षण जपानी डॉक्टरांनी २०१६ मध्ये मांडले. त्यावरून सततचा दाब आणि इजा हे कारण असावे असा तर्क केला जातो. तो अजून सिद्ध झालेला नाही.

उशीर का होतो, हे मात्र स्पष्ट आहे. तळपायाचा काळा डाग कुणी पाहत नाही. दिसला तर तो कुरूप, भोवरी, काटा मोडल्याची खूण किंवा ठेच लागून साकळलेले रक्त वाटतो. काही मेलॅनोमांना काळा रंगही नसतो; ते लालसर मांसल जखमेसारखे दिसतात आणि मधुमेही माणसात त्यांची गणना सरळ ‘पायाच्या जखमेत’ होते. इथे उशिराची किंमत जबर आहे. मेलॅनोमाची जाडी एक मिलिमीटरच्या आत असताना बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेने बरे होतात. चार मिलिमीटरपुढे ती आशा झपाट्याने घटते.

निदान आणि उपचार : काय स्थिरावले आहे

निदानाबद्दल एकमत आहे. योग्य उपचार करूनही तीन महिन्यांत न भरणाऱ्या, कडा उंचावलेल्या, दुर्गंधी किंवा रक्त येणाऱ्या जखमेचा तुकडा तपासायलाच हवा. काही तज्ज्ञ तर त्याहूनही लवकर तपासा म्हणतात. जुन्या व्रणात तो कडेवरून आणि एकाहून अधिक जागांवरून घ्यावा लागतो, नाहीतर नेमकी कर्करोगाची जागा सुटते. ‘चाकू लावला की कॅन्सर पसरतो’ ही भीती लोकांत खोलवर रुजलेली आहे आणि ती वेळ खाते. पसरण्याचे कारण उशीर असते, तुकडा काढणे नव्हे, हे डॉक्टरांनी रुग्णाच्या घरच्यांना बसवून सांगणे हा उपचाराचाच भाग आहे.

उपचारांत पहिले स्थान शस्त्रक्रियेचे. लहान बेसल सेल गाठ भोवतालच्या सुमारे चार मिलिमीटर निरोगी त्वचेसह काढतात. स्क्वॅमस सेलसाठी चार ते सहा मिलिमीटर, जोखीम जास्त असल्यास त्याहून अधिक. मेलॅनोमासाठी जाडीनुसार एक ते दोन सेंटिमीटर. नंतरची पोकळी जवळची त्वचा सरकवून किंवा मांडीची त्वचा लावून भरतात, म्हणून प्लास्टिक सर्जनची गरज लागते. वृद्धांना, किंवा चेहऱ्यावर जिथे कापणे अवघड तिथे किरणोपचार हा चांगला पर्याय आहे.

काढलेल्या भागाच्या कडा तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली तपासत थराथराने कापण्याच्या मोहस पद्धतीबद्दल चर्चा चालू आहे. नेदरलँड्समधील चेहऱ्याच्या बेसल सेल कर्करोगावरील चाचणीत, एकदा काढूनही परत आलेल्या गाठींत दहा वर्षांनी पुनरुद्भव नेहमीच्या शस्त्रक्रियेनंतर १३.५ टक्के आणि मोहसनंतर ३.९ टक्के होता. पहिल्यांदाच झालेल्या गाठींत तो अनुक्रमे १२.२ आणि ४.४ टक्के होता, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही. मोहसला वेळ, प्रशिक्षित हात आणि जागेवर प्रयोगशाळा लागते. त्यामुळे ती नाक-पापणीसारख्या जागांसाठी आणि परतलेल्या गाठींसाठी राखून ठेवावी, असे बहुतेक जण मानतात.

पसरलेल्या आजारात गेल्या पंधरा वर्षांत मोठा बदल झाला. २०११ पासून मेलॅनोमासाठी इपिलिमुमॅब, २०१४ पासून पेम्ब्रोलिझुमॅब व निवोलुमॅब आणि २०१८ पासून पुढे गेलेल्या स्क्वॅमस सेल कर्करोगासाठी सेमिप्लिमॅब ही प्रतिकारशक्ती जागवणारी औषधे आली. दोन अडचणी उरतात. तळपायाचा मेलॅनोमा या औषधांना गोऱ्यांच्या मेलॅनोमाइतका प्रतिसाद देत नाही आणि पूर्ण मात्रेचा खर्च लाखांत जातो. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत डोके-मानेच्या कर्करोगात निवोलुमॅबची फक्त २० मिलिग्रॅम मात्रा, स्वस्त गोळ्यांच्या जोडीने, देऊन पाहिली. वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. ही वाट त्वचेच्या कर्करोगालाही चालेल का, हा आपल्यासारख्या देशासाठी अत्यंत महत्त्वाचा खुला प्रश्न आहे.

मोशीतला रुग्ण पहिल्यांदा गल्लीतल्या दवाखान्यात जातो, मग पिंपरीच्या संत तुकारामनगरातील महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात किंवा शेजारच्या डॉ. डी. वाय. पाटील रुग्णालयात, काही जण पुण्यात ससूनला, काही थेट मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलला. विमाधारक कामगारांसाठी चिंचवडच्या मोहननगरात राज्य कामगार विमा रुग्णालय आहे. मोशीतही महापालिकेने मोठे रुग्णालय उभारायला घेतले आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेल्या आणि आता महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी येतात. त्यामुळे निदान झाल्यानंतरची वाट पूर्वीपेक्षा सुकर आहे. खरा खोळंबा निदानापूर्वीच्या महिन्यांत आहे.

मतभेद : तपासणी, सनस्क्रीन आणि कायदा

सर्वांची त्वचा सरसकट तपासावी का? जर्मनीने २००८ मध्ये अशी राष्ट्रीय तपासणी सुरू केली. अमेरिकेच्या प्रतिबंधात्मक सेवा कार्यदलाने मात्र २०२३ मध्ये पुरावा अपुरा असल्याचा निर्वाळा दिला. जिथे आजार विरळ, तिथे सरसकट तपासणीचा लाभ आणखी कमी, हे उघड आहे. म्हणून आपल्याकडचा विचार निवडक गटांकडे वळतो: जुने भाजलेले, कुष्ठरोगातून बरे झालेले, मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे आणि तेल-डांबराशी दीर्घ संपर्क असलेले.

सनस्क्रीनचा लाभ ऑस्ट्रेलियातील नॅम्बोर चाचणीत दिसला. रोज वापरणाऱ्यांत स्क्वॅमस सेल कर्करोग सुमारे ४० टक्क्यांनी घटला. तो निष्कर्ष गडद त्वचेला जसाच्या तसा लावता येत नाही. इथे मजुराला क्रीमपेक्षा टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि दुपारची सावली अधिक उपयोगी, असे अनेक त्वचाविकारतज्ज्ञ सांगतात. उष्माघातापासूनही तेच वाचवते. काळे डाग, ऊनवांग यांसाठी सनस्क्रीन उपयुक्त आहेच, त्याबद्दल वाद नाही.

कायद्याची बाजू फारशी चर्चिली जात नाही, पण कामगारासाठी ती मोलाची आहे. डांबर, पिच, बिटुमेन, खनिज तेल, अँथ्रासीन यांमुळे होणारा त्वचेचा प्राथमिक कर्करोग १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या आणि १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेला होता. १९४८ च्या कारखाना कायद्याने असा रुग्ण आढळल्यास कळवण्याची जबाबदारी डॉक्टरवरही टाकली होती. भरपाईसाठी त्या कामात सलग सहा महिने असणे ही अट आहे. सहा-सात महिन्यांनी ब्रेक घेत ठेकेदार बदलत जाणाऱ्या कामगाराला तेलाचा संपर्क वीस वर्षांचा असूनही तो कागदावर दाखवणे जड जाते. इतक्या लांब सुप्तकाळाच्या आजारात संबंध सिद्ध करण्याचे निकष सैल केले तर खोटे दावे वाढतील, असे उद्योगांच्या बाजूने म्हटले जाते. कडक ठेवले तर कायद्यातली तरतूद कागदावरच राहते, असे कामगारांच्या बाजूचे म्हणणे आहे. दोन्हींत तथ्य आहे. तोडगा कामगाराच्या सोबत फिरणाऱ्या संपर्कनोंदीत असू शकतो.

उरलेले प्रश्न

आज कशाला निश्चित म्हणता येईल? आपल्याकडे त्वचेचा कर्करोग विरळ आहे. जखम, व्रण आणि तळपाय ही त्याची ठळक ठिकाणे आहेत. लवकर सापडला तर साध्या शस्त्रक्रियेने तो बरा होतो. अनिर्णित काय? उघड्यावर काम करणाऱ्या गडद त्वचेच्या कामगारात उन्हाचा नेमका वाटा, आधुनिक कटिंग तेलांचा दीर्घकालीन परिणाम, तळपायाच्या मेलॅनोमाचे कारण, कमी मात्रेच्या औषधांचा उपयोग आणि आजाराचे खरे प्रमाण.

यातल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर इथूनच मिळू शकते. त्यासाठी मोठे यंत्र लागत नाही. काढलेली प्रत्येक गाठ विकृतिशास्त्राकडे पाठवायची, रुग्णाच्या कागदावर आत्ताच्या पत्त्याबरोबर आयुष्यभराचे व्यवसाय लिहायचे, ड्रेसिंगच्या खोलीत तीन महिने ओलांडलेल्या जखमांची वेगळी वही ठेवायची आणि कारखान्याच्या वार्षिक वैद्यकीय तपासणीत बूट-मोजे काढून तळपाय पाहायचे. इंद्रायणीकाठचा शेतकरी, खाणीतला मजूर, डेपोवर कचरा वेचणारी बाई आणि सीएनसीवरचा ऑपरेटर एकाच रुग्णालयाच्या रांगेत उभे राहतात, असे परिसर थोडे आहेत. मोशीच्या नव्या रुग्णालयात पहिल्या दिवसापासून ही नोंद सुरू झाली, तर दहा-पंधरा वर्षांत ऊन, तेल आणि जखम यांचा वाटा मोजण्याजोगा पुरावा हाती येईल. आणि तो येईपर्यंतही, वेळेवर घेतलेल्या एका तुकड्याने कुणाचा पाय आणि कुणाचा जीव नक्कीच वाचेल.